डायलॉग नाही तर जोडी नाही

“एकही डायलॉग नाही,” सुनंदाताई म्हणाल्या. “अख्ख्या पिक्चरभर तो एक शब्द बोलणार नाही.”

मोहसिनने फ्लेक्सचं मशीनच बंद केलं. शिवाचा समोसा तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला. आणि मी, जी एरवी कुणाला बोलू देत नाही, ती पण गप्प.

“कोण बोलणार नाही?” शिवाने विचारलं.

“गिरिधर.”

गिरिधर! अण्णा नाही, गिरीअण्णा नाही, सरळ गिरिधर. मला तिथेच खटकलं होतं बघा, पण शिवा इतका पेटला की ते राहूनच गेलं.

“ताई, तुम्ही काय बोलायलाव तुम्हाला तरी कळतंय का? अण्णाला मुका करताव?”

थांबा, आधी अण्णा सांगते, नाहीतर तुम्हाला शिवा येडा वाटेल. गिरिधर हंचाटे. आमच्या सोलापूरचा माणूस. बाप मागावर होता, म्हणजे पॉवरलूमवर, आणि हा कामगारांच्या नाटकांतून वर वर जात थेट सिनेमात. हीरो कधीच नव्हता. पण त्याचा एक वकील होता एका पिक्चरमध्ये, कोर्टात उभा राहतो आणि श्वास न घेता जे सुरू करतो ना, थिएटरमध्ये लोक त्याच्याबरोबर श्वास धरून बसायचे आणि शेवटी सगळे एकदम सोडायचे. ते भाषण आम्हाला तोंडपाठ. शिवा बिराजदारने तर कॉलेजच्या व्हायवात उत्तर आलं नाही तेव्हा ते म्हणून दाखवलं होतं. पास पण झाला.

आणि तो अण्णा वर्षभर गायब. नवा पिक्चर नाही, मुलाखत नाही, काही नाही. कोणी म्हणे डोक्यात हवा गेली, कोणी म्हणे अमेरिकेत मुलाकडे गेला. त्याला मुलगाच नाही.

तर आम्ही काय करायचो, दर रविवारी दुपारी मोहसिन नदाफच्या नवी पेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात जमायचो आणि जोडी लावायचो. जोडी म्हणजे अण्णा आणि एक डायरेक्टर. डायरेक्टरचं नाव सांगायचं, अण्णाचा रोल सांगायचा, एंट्री सांगायची, आणि अण्णाच्या तोंडचा एक डायलॉग म्हणून दाखवायचा. शिवाचा नियमच होता, डायलॉग नाही तर जोडी नाही. मग मतं. जी जोडी जिंकेल तिचं मोहसिन पोस्टर करायचा, असं खरं दिसायचं की नेटवर टाकलं की खाली लोक विचारायचे, कधी येतोय. शंतनू वैराळेच्या गँगस्टर पिक्चरमध्ये अण्णा, नचिकेत दाभाडेच्या कॉमेडीत अण्णा चार जावयांचा सासरा. एकही पिक्चर खरा नाही, पण आमच्यासाठी अण्णा कामावर होता.

सुनंदाताई आल्या त्या असंच एक पोस्टर बघून. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. दुकानाच्या पायरीवर उभं राहून म्हणाल्या, “ते जोडीवाले तुम्हीच का? मी पण फॅन आहे.” मोहसिनने स्टूल पुसून दिलं. मग दर रविवारी येऊ लागल्या. मतं द्यायची त्यांची एक तऱ्हा होती. आम्ही हात वर करायचो, त्या मूठ वळून हात पुढून छातीकडे ओढायच्या. आम्हाला ते इतकं आवडलं की आम्ही पण तसंच करायला लागलो. कुठून आलं, कोणी विचारलं नाही.

आणि त्या रविवारी जोडी साधी नव्हती. डायरेक्टर रोहिणी मिरजकर सोलापूरला येणार होत्या, आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात. खऱ्या! त्यांचे पिक्चर हळू असतात, शिवा दोनदा झोपलाय, पण नाव केवढं मोठं. आमच्यातलं एक पोस्टर त्यांच्या हातात द्यायचं ठरलं होतं. एकच. मॅडमनी बघितलं, मनात घेतलं, तर अण्णा परत. म्हणून कोणती जोडी, यावर इतकी मारामारी.

“लूमच्या शेडमधला माणूस,” सुनंदाताई सांगत होत्या. “मागांचा आवाज इतका की तिथे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. तो सगळं हाताने बोलतो. अख्खा पिक्चर शेडमध्ये.”

“डायलॉग म्हणून दाखवा.”

“सांगितलं ना, नाहीये.”

“डायलॉग नाही तर जोडी नाही,” शिवा म्हणाला. “बाद.”

ताई उठल्या, मोहसिनच्या कोपऱ्यातल्या रद्दीतून वैराळेच्या पिक्चरची फसलेली ट्रायल प्रिंट काढली, गुंडाळली, पिशवीत घातली आणि गेल्या. दर वेळी न्यायच्या. “घरी माळ्यावर पाणी गळतं,” म्हणायच्या.

त्या वळल्या तशी शिवाने दाराबाहेर डोकावून बघितलं. “वैदू, ह्या बाईत काहीतरी आहे.”

“काय आहे?” मी विचारलं.

“काटकरची आहे ही.”

युवराज काटकर म्हणजे दुसरा नट, आणि त्याच्या फॅन्सचं आणि आमचं नेटवर रोजचं भांडण. मी हसले. पण शिवा मोजायला लागला. अण्णाच्या पहिल्या पिक्चरचं विचारलं तर विषय बदलते. कोणत्याही जोडीत त्याला पळायला देत नाही, मारामारी देत नाही, बसूनच ठेवते. आता तर तोंडच बंद केलं. वर पोस्टर गोळा करून नेते.

“पुरावे जमवते बे. फोडायला आलीये.”

“अरे पण अण्णाला शेंगाची चटणी चालत नाही, हे तिला माहीत होतं,” मोहसिन म्हणाला. “ते तर आपल्याला पण माहीत नव्हतं.”

“तेच तर! कुठून माहीत?”

आणि मग मला ते आठवलं. अण्णाच्या वाढदिवसाला आम्ही लॅपटॉपवर तो कोर्टाचा सीन लावला होता. आम्ही सगळे अण्णाबरोबर ओरडत होतो. सुनंदाताई ओरडत नव्हत्या, त्यांचे फक्त ओठ हलत होते. आणि आधी हलत होते. अण्णाच्या अर्धा शब्द आधी. म्हणायच्या, थांबायच्या, मग अण्णा तेच म्हणायचा. जसं काही अण्णा त्यांचं ऐकून बोलतोय.

हे मी सांगितलं आणि शिवाचा संशय पक्का झाला.

त्यातच दुसऱ्या दिवशी काटकरवाल्यांनी एक चित्र टाकलं. अण्णाच्या तोंडाला पट्टी आणि खाली, “गिरीअण्णा सादर करत आहेत मूकपट! तुमच्याच फॅन्सची आयडिया!” शिवाने मला फोनवर नुसतं इतकंच म्हटलं, “आता बोल.” दुकानात आम्ही तिघं आणि ती. बाहेर गेलं कसं?

“वैदू, तू मुलगी आहेस, तुझ्यावर डाऊट येणार नाही,” शिवा म्हणाला. “रविवारी तिच्या मागे जा.”

गेले. लाज वाटत होती आणि मजा पण येत होती, दोन्ही. त्या रविवारी शिवाने वकिलाच्या दुसऱ्या भागाची जोडी लावली, रोहिणी मिरजकर आणि कोर्ट, आणि पानभर डायलॉग म्हणून दाखवला. मोहसिनने मूठ ओढली, मी ओढली. ताईंनी नाही ओढली. “त्याला हे जमणार नाही,” एवढंच म्हणाल्या आणि शेअर रिक्षात बसल्या. मी स्कूटीवर मागे.

अशोक चौकाच्या पुढे एका बिल्डिंगपाशी उतरल्या. मी समोरच्या रसवंतीत घुसले, ग्लास हातात, डोळे बाहेर. ताई आत गेल्याच नाहीत. रस्त्यावर उभ्या राहून वर बघत होत्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक माणूस, माकडटोपी घातलेला, भर उन्हात.

ताईंनी अंगठा आणि बोट जुळवलं आणि झटकन सोडलं.

आता तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. पण माझे अप्पा जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे, आणि आयुष्य त्या खडखडाटात गेल्यामुळे घरी टीव्हीचा आवाज जरा मोठा असला की ते हातानेच बोलतात. अंगठा-बोट झटकलं म्हणजे धागा तुटला. काम थांबलं. मी लहानपणापासून बघितलंय ते.

गॅलरीतला माणूस तिच्याकडे बघत राहिला. उजवा हात तसाच लोंबत होता. मग डाव्या हाताची मूठ वळून त्याने छातीकडे ओढली. आमचं मत! आम्ही दर रविवारी द्यायचो ते! आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की हे तर मागाचं हँडल ओढणं आहे. चालू कर.

त्याने रस्त्याकडे मान वळवली. टोपी असू दे नाहीतर काही असू दे, ती मान मी हजार वेळा बघितलीये. साक्षीदाराकडे वळायची तशीच.

ग्लास कधी पडला कळलं नाही. रसवाल्याने आरडाओरडा केला आणि ताईंनी मागे बघितलं.

रस्ता ओलांडून सरळ माझ्यासमोर आल्या. “शिवाने पाठवलं?”

मी मान हलवली.

“वर ये. फोन गाडीच्या डिकीत ठेव.”

वर गेले तर पहिली दिसली ती भिंत. आमची सगळी पोस्टरं. फसलेल्या रंगांची, तिरकी कापलेली, सगळी. चार जावयांचा सासरा, गँगस्टर, सुभेदार, पोस्टमन. माळ्याला एकही नाही.

“बहीण आहे मी त्याची,” ताई म्हणाल्या. “कामगारांच्या नाटकात तो उभा राहायचा आणि विंगेत मी प्रॉम्प्टिंगला. पाठांतर कधीच नव्हतं त्याचं. तुम्हाला पाठ आहे ना ते कोर्टाचं? त्याला नव्हतं. कॅमेऱ्यामागे मी होते.”

अण्णा खुर्चीत बसले होते. लकव्याचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द येत नव्हते. तोंडातून नुसता “अं” यायचा.

“मग सांगितलं का नाही कुणाला?” मी रडायलाच लागले होते.

“सांगितलं तर फुलं घेऊन येतील सगळे. काम घेऊन कोणी येणार नाही.” त्यांनी पदराने अण्णांची हनुवटी पुसली. “आणि स्वतः जाऊन काम मागायचं नाही, अशी मला शपथ घातलीये याने. पण फॅन मागू शकतात ना? फॅन काहीही मागतात.”

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं, मग हवेत बंदूक चालवली.

“विचारतोय, तो गँगस्टरवाला शिवा कोणता? दर रविवारी सगळ्या जोड्या सांगते मी याला. मतं देतो. जे मी तिथे सांगते ना, ते याचंच असतं. लूमचा पिक्चर याचाच आहे.”

मी विचारलं, “अण्णा, शिवाचा वकील?”

अंगठा, बोट, झटक. धागा तुटला. आणि हसले. अर्ध्याच तोंडाने, पण तेच हसू.

“कोणाला सांगणार नाहीस,” ताई म्हणाल्या. “त्या दोघांना पण नाही. मॅडम स्वतः विचारतील तेव्हा मी सांगेन.”

आता माझी काय हालत झाली असेल बघा. वकिलाचं पोस्टर छापून तयार. आणि मी दुकानात जाऊन म्हणते, पोस्टर बदला.

शिवाने माझ्याकडे असं बघितलं जसं मला कधी बघितलंच नव्हतं. “काय सापडलं तिच्याकडे?”

“काही नाही. साधी बाई आहे. पण तिची जोडी चांगली आहे.”

“तुला पण फोडलं का बे?”

“शिवा!”

“मागे गेलीस, काही सापडलं नाही, आणि परत आलीस ती तिचीच जोडी घेऊन. डोळे सुजलेत. फोन तासभर उचलला नाहीस. मोहसिन, तू सांग.”

मोहसिन मशीन पुसत बसला. तो भांडणात कधी पडत नाही. पण त्यानेही माझ्या नजरेला नजर दिली नाही, ते जास्त लागलं.

“आणि ते मूकपटाचं चित्र?” शिवा म्हणाला. “ते कोणी फोडलं मग?”

मी दाराकडे बघितलं आणि तिथेच मला दिसलं. ताईंच्या जोडीचं मोहसिनने गुपचूप एक सँपल केलं होतं, नुसते हात आणि मागे सूत, आणि शाई वाळायला दाराबाहेर इतर फ्लेक्सांच्या गर्दीत टांगलं होतं. वर मोठ्या अक्षरांत, ‘गिरीअण्णांचा मूकपट’. अख्खी नवी पेठ वाचत होती.

“कधीपासून आहे ते बाहेर?”

“गेल्या रविवारपासून,” मोहसिन पुटपुटला. “आवडली होती ना मला ती जोडी. बोललो असतो तर शिवाने मारलं असतं.”

शिवाने त्याला मारलंच. पण माझ्यावरचा डाऊट काही गेला नाही. “ठीक आहे, तिने फोडलं नसेल. पण जोडी बादच. डायलॉग कुठाय?”

“चल दाखवते,” मी म्हटलं.

दोघांना स्कूटीवर कोंबून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेलं, अप्पांच्या शेडमध्ये. आत पाय टाकला आणि आवाज अंगावर कोसळला. शिवा मला काहीतरी म्हणाला, त्याचं तोंड हललं, बस. अप्पांनी लांबून अंगठा ओठाला लावला, चहा घेणार का. मी मान डोलावली. मग शिवा बघत राहिला. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या बाईला काहीतरी सांगतोय, ती कमरेवर हात ठेवून उलटं सुनावतेय, मधले चारजण हसून वाकलेत, आणि कुणाचाच आवाज नाही. तेवढ्यात एकाने मिशीला पीळ दिला. मग शेजारच्याने. मग त्या बाईने, मिशी नसलेल्या ओठावर. सगळी शेड मिशा पिळायला लागली आणि मुंड्या खाली घालून कामाला. दारात मालक उभे होते. मिशी एवढी.

शिवा इतका हसला की भिंतीला टेकला. मग त्याचं लक्ष पलीकडे गेलं. समोरच्या म्हाताऱ्या विणकराकडे बघत होता. त्याच्या मागाचा धागा तुटला होता. त्याने दोन बोटांनी झटका दिला, अप्पांना बोलावलं, आणि अप्पा येईपर्यंत थांबलेल्या मागावर तळहात ठेवून उभा राहिला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

शिवाने माझ्याकडे बघितलं. मूठ वळली आणि छातीकडे ओढली. मोहसिनने पण.

पोस्टर ताईंचंच गेलं, वरचं नाव मात्र काढून खाली नुसतं ‘गिरिधर हंचाटे’ टाकलं. कार्यक्रम संपल्यावर गर्दीत घुसून शिवानेच ते मॅडमच्या हातात दिलं आणि जोडी सांगितली. त्यांनी चष्मा लावला.

“एकही वाक्य नाही?”

“अण्णाला डायलॉग लागतच नाही मॅडम,” शिवा म्हणाला. शिवा!

मॅडमनी पोस्टरवरच्या त्या हातांवरून बोट फिरवलं. “हंचाटे खूप दिवसांत दिसले नाहीत. करतील का ते? विचारलंय कुणी त्यांना?”

“विचारलंय,” मी बोलून गेले.

शिवाची मान अशी गर्रकन वळली. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मागे, हॉलच्या दारात, कापडी पिशवी घेऊन सुनंदाताई उभ्या होत्या. मी मॅडमना तिकडे बोट दाखवलं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. पिक्चर झाला. वेळ लागला, पण झाला. सोलापुरातल्या पहिल्या शोला आम्ही सगळे एका रांगेत. शिवा, मोहसिन, मी, मग सुनंदाताई, आणि त्यांच्या पलीकडे माकडटोपीतले अण्णा. मिशीच्या सीनला थिएटर कोसळलं. माझे अप्पा तर उभे राहून टाळ्या.

शेवटच्या सीनला लाइट गेलेली शेड, सगळे माग बंद, अंधार. मग लाइट येते. अण्णा मागापाशी उभे. सगळे त्यांच्याकडे बघतायत.

मी सवयीने ताईंच्या तोंडाकडे बघितलं. ओठ बंद होते. पण मांडीवर त्यांची मूठ वळली आणि हळूच छातीकडे आली. अर्ध्या श्वासानंतर पडद्यावर अण्णांनी हँडल ओढलं आणि माग सुरू झाले.

खुर्चीतले अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. ते ताईंच्या मुठीकडे बघत होते.

शिवाने नाक ओढलं आणि माझ्या कानाशी आला. “वैदू, हा डायलॉगमध्ये धरायचा ना?”

“धर,” मी म्हटलं.